टाळीला वळला म्हणजे ऐकू येतं असं नाही

गेल्या महिन्यात तालुक्याला शिक्षकांची बैठक होती. विषय, पहिलीत येणाऱ्या मुलांची पूर्वतयारी. चहाच्या वेळी शेजारी बसलेल्या एका साहेबांना मी विचारलं, "अंगणवाडीत मुलांच्या वाढीची, विकासाची तपासणी होते, तर त्याचा एखादा कागद आमच्या शाळेपर्यंत का येत नाही?" साहेब बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "तपासणी शंभर टक्के होते मॅडम. तुमच्या वस्तीचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या मुलांना मराठी येत नाही, म्हणून ती मागे दिसतात."

"तुमच्या वस्तीचा" हे ऐकून ऐकून आता राग येत नाही. वीस वर्षं उर्दू शाळेत मराठी शिकवते आहे, सवय झाली. राग आला तो पुढच्या वाक्याचा. कारण नेमक्या याच वाक्याने माझ्या वर्गातल्या एका मुलाची चार वर्षं खाल्ली, आणि ते वाक्य तेव्हा मीही बोलले होते.

त्या मुलाचं नाव लिहीत नाही. वडील गॅरेजवर, आई घरी शिलाई करते. अंगणवाडीत तो तीन वर्षं गेला. ताई मराठी बोलणाऱ्या, स्वभावाने चांगल्या. मुलगा बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी समजूत करून घेतली की घरी उर्दू बोलतात, म्हणून इथे गप्प राहतो. घरी आजी म्हणायची, "इसके अब्बा भी देर से बोले थे." तपासणी पथक आलं तेव्हा त्यांनी मुलाच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. मुलगा वळला. कार्डावर बरोबरची खूण झाली. घरच्यांनाही शंका यायचं कारण नव्हतं. मशिदीच्या भोंग्यावरची अजान त्याला ऐकू यायची, कुकरची शिट्टी ऐकू यायची, बापाच्या गॅरेजमधली हातोडी ऐकू यायची. मग बहिरा कसा असेल?

पहिलीत माझ्याकडे आला. अर्धं-मुर्धं बोलायचा, शब्दांची शेपटं गाळायचा. विचारलं एक की सांगायचा दुसरंच, मग वर्ग हसायचा. कंटाळला की शेजारच्याला चिमटे काढायचा. मी काय केलं? त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. बीएडला मी शैक्षणिक मानसशास्त्रात चांगले गुण मिळवले होते. पियाजेच्या अवस्था आजही झोपेत सांगेन. पण कमी ऐकणारं मूल वर्गात कसं दिसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही शोधलं नव्हतं.

मग शाळेसमोर रस्त्याचं काम निघालं. धूळ इतकी की एक दिवस मी ओढणी तोंडावर घेऊनच शिकवलं. श्रुतलेखन चालू होतं. एरवी निदान चार-पाच शब्द लिहिणारा हा मुलगा पाटीकडे बघत बसला आणि रडायला लागला. पोट दुखतंय का म्हणून जवळ गेले, ओढणी खाली करून विचारलं, तर त्याने उत्तर दिलं. ओढणी वर घेतली, तेच पुन्हा विचारलं, तो नुसता बघत राहिला. पोरगं इतके दिवस माझे ओठ वाचत होतं. तेही एका ओळीत चार बाकं मागे बसून.

जिल्ह्याच्या ठिकाणी श्रवणतपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांत साधारण ५५ डेसिबलची कमतरता निघाली. तेव्हा तो सात वर्षांचा होत आला होता.

आता टाळीचं गणित समजून घ्या. कानामागे वाजवलेली टाळी हा मोठा आवाज असतो, आणि त्यात जाड-बारीक सगळे सूर एकत्र असतात. माणसाचं नेहमीचं बोलणं त्याच्यापेक्षा पुष्कळ हळू असतं, आणि स, श, फ यांसारखे आवाज तर अगदी बारीक. मध्यम स्वरूपाची कमतरता असलेलं मूल टाळीला, थाळीला, भोंग्याला वळतं, आणि "शमीम, सफरचंद दे" या वाक्यातलं निम्मं त्याच्यापर्यंत पोचत नाही. असं मूल शोधायचं तर पाठमोरं बसवून हळू आवाजात त्याला ओळखीच्या वस्तूंची नावं सांगायची आणि बोट दाखवायला लावायचं. त्याला ना यंत्र लागतं, ना पैसा. लागते एक शांत खोली आणि एक गोष्ट जी आपल्याकडे कुणी मोजतच नाही. ती नावं मुलाच्या स्वतःच्या भाषेतली हवीत. 'किल्ली' म्हटल्यावर बोट उचललं नाही तर दोष कानाचा की भाषेचा, हे कसं कळणार? त्याच्या घरी किल्लीला चाबी म्हणतात.

तपासणी शंभर टक्के होते म्हणणाऱ्या साहेबांना माझं सांगणं आहे की शंभर टक्के होते ती नोंद.

योजना नाही असं नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्या सहा सेवांमध्ये पहिल्या दिवसापासून 'संदर्भ सेवा' आहे, म्हणजे मुलात काही कमी दिसलं तर त्याला पुढे दवाखान्यात पाठवणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर आपल्याच राज्यात, पालघरमध्ये, फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली. जन्मजात दोष, कमतरतेचे आजार, इतर आजार आणि विकासातला विलंब, असे चार गट. पथकात एक पुरुष आणि एक महिला आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकार आहेत. २८ नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची वेगळी कार्यपद्धतीही जाहीर केली, लवकर ओळख करण्याचं काम त्यात अंगणवाडी सेविकेकडेच दिलं आहे. कागद इतका आहे की त्याची गादी करून झोपता येईल.

साधनंही आहेत. तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राने १९९१ मध्ये दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी फक्त १७ बाबींचा तक्ता तयार केला. मुलाच्या वयावर उभी पेन्सिल ठेवायची, पेन्सिलीच्या डावीकडे राहिलेली प्रत्येक गोष्ट मुलाला यायला हवी, इतकं सोपं. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी चाचणी उभी केली. आणि एक साधन तर प्रत्येक घरात आहे. माता व बाल संरक्षण कार्ड. रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. त्याच्यावर मूल कधी हसतं, मान धरतं, बसतं, चालतं, बोलतं याची चित्रं आहेत. मी आमच्या मोहल्ल्यात गेल्या दोन वर्षांत असं कार्ड निदान चाळीस घरांत उघडून पाहिलं. लसींची पानं भरलेली, वजनाचे ठिपके कुठे आहेत कुठे नाहीत, आणि चित्रांचं पान कोरं करकरीत. एका आईने विचारलं, "ये फोटू किस वास्ते हैं बाजी?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ही दुर्मिळ गोष्ट आहे, एखाद्याच घरी असतं, असं वाटत असेल तर एक आकडा. २०१८ मध्ये पलवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऐकणं, पाहणं, बोलणं, हालचाल, बुद्धी, स्वमग्नता, फिट्स अशा अडचणी त्यात तपासल्या होत्या. ठिकाणागणिक प्रमाण बरंच कमीजास्त निघालं, पण सरासरी बारा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंचवीस मुलांच्या अंगणवाडीत साधारण तीन. आमच्याकडच्या अंगणवाड्यांच्या अहवालात मात्र वर्षानुवर्षं शून्य. आमच्या तालुक्यावर अल्लाहची खास मेहरबानी असावी.

दोष सेविकेवर ढकलून मोकळं होणाऱ्यांतली मी नाही. ताईला वजन करायचं, उंची मोजायची, सॅम-मॅम काढायचं, खिचडी वाटायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, मोबाईलवर सगळं भरायचं, मधेच निवडणुकीचं काम. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून या बायकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, एप्रिल २०२२ मध्ये निकाल लागला. अशा बाईला आणखी एक तक्ता देऊन आपण म्हणायचं, आता स्वमग्नताही तूच ओळख. पण ज्या माणसाला मूल रोज चार तास दिसतं, ते माणूस तीच आहे. वर्षातून दोनदा येणाऱ्या पथकाला मूल पाच मिनिटं दिसतं. त्यातही अनोळखी माणसं, गळ्यात स्टेथोस्कोप, मूल आधीच रडतंय. मुलगा टाळीला वळला म्हणून पथकाने पुढे ढकलला, पण कविता म्हणताना तो नेहमी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून अर्धा ठोका उशिरा हात हलवतो, हे ताईंनी पाहिलेलं होतं. त्यांनी मला नंतर सांगितलं. विचारलंच नव्हतं कुणी, मग कुठे सांगणार?

म्हणून माझं म्हणणं असं की ताईचं निरीक्षण हा तपासणीचा पाया धरा, पथकाने फक्त त्याची खातरजमा करावी. त्यासाठी ताईच्या डोक्यावरची दुसरी चार ओझी उतरवावी लागतील. ते करायचं नसेल तर नवचेतना, आधारशिला अशी सुंदर नावं ठेवत राहा.

भाषेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. उर्दू किंवा दखनी बोलणारं मूल मराठी प्रश्नाला उत्तर देत नाही, तेव्हा कुणी त्याला 'मंद' ठरवतं, तर कुणी 'भाषेमुळे असेल' म्हणून सोडून देतं. पहिल्या चुकीत चांगलं मूल विनाकारण मागे पडतं. दुसऱ्या चुकीत खरोखर अडचण असलेलं मूल भाषेच्या पडद्याआड लपतं, आणि ही चूक सभ्य दिसते म्हणून जास्त वाईट. दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही, हे आता जगभर मान्य आहे. त्याचे शब्द दोन्ही भाषांत मिळून मोजायचे असतात. दोन वर्षांच्या मुलाने दोन शब्दांचं वाक्य बोलावं, मग ते 'पानी दे' असो की 'पाणी दे'. दोन्ही भाषांत गप्प असेल तर भाषेचं नाव पुढे करू नका, कान तपासा.

आणि फक्त मराठीवाल्यांनाच कशाला बोलू? आम्ही उर्दूवाले काय कमी आहोत? उद्या सरकारने तक्ता उर्दूत छापला तर आमचे लोक त्यात असे शब्द घालतील की मुलाच्या आजोबांनाही कळणार नाहीत. आमची मुलं घरी 'हौ' आणि 'नक्को' म्हणतात. आमच्यातलेच शिक्षक त्यांना ज़बान सुधारो म्हणून दटावतात, मूल दोन दिवसांत वर्गात तोंड मिटतं, आणि मग पालकसभेत आम्हीच सांगतो, आपका बच्चा बोलता नहीं. तक्ता मुलाच्या घरच्या बोलीत हवा. मेळघाटात कोरकूत हवा, गडचिरोलीत गोंडीत हवा. हा फक्त मुसलमानांचा प्रश्न आहे असं समजणाऱ्यांनी जरा नकाशा बघावा.

आता घरातलं. हे लिहिलं की मला नेहमीप्रमाणे फोन येतील, येऊ देत.

जवळच्या नात्यात लग्नं झाली की जन्मजात बहिरेपणासारख्या काही आनुवंशिक अडचणींची जोखीम वाढते. चुलत-मावस-आते-मामे भावंडांची लग्नं आपल्यात होतात, मामाच्या मुलीशी लग्न मराठी घरांतही होतं, त्यामुळे बोट कुणी कुणाकडे दाखवायचं कारण नाही. शरीयतने परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. ज्या घरात आधीच एक मूल बहिरं आहे, त्या घराने पुढचं नातं जोडताना डॉक्टरला विचारावं आणि बाळ जन्मताच कान तपासावेत, एवढंच मी म्हणते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा नियम जगभर धरतात. आपण सहा वर्षं ताबीज बांधतो. दुआ करा, जरूर करा, मीही करते. पण कान वाहणाऱ्या लेकराच्या कानात गरम तेल घालून 'अल्लाह की मर्ज़ी' म्हणणं हा तवक्कुल नाही, आळस आहे.

आणखी एक मोठं भगदाड आहे. बाल स्वास्थ्य पथक अंगणवाडीत आणि सरकारी-अनुदानित शाळांत जातं. गल्लोगल्ली उघडलेल्या खासगी नर्सऱ्या, मशिदीच्या वरच्या मजल्यावरची प्ले स्कूल, सकाळ-संध्याकाळचे मकतब, तिथे कुणीच जात नाही. थोडे पैसे आले की आपले लोक मुलाला अंगणवाडीतून काढून टाय लावणाऱ्या नर्सरीत घालतात. तिथे फी जास्त, तपासणी शून्य. मूल बोलत नाही म्हटलं की नर्सरीवाल्या बाई गोडीत सांगतात, अजून एक वर्ष ज्युनिअरलाच ठेवू. दुसऱ्या वर्षाची फी घेतात आणि तिसऱ्या वर्षी दाखला हातात देतात.

पोलिओच्या वेळी आपल्यातल्या किती घरांनी दारं लावून घेतली होती ते आठवा. नंतर उत्तर प्रदेशात अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द यांना सोबत घेतलं गेलं, इमाम उभे राहिले, जुम्याला मशिदीतून डोसची घोषणा होऊ लागली. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये प्रमाणपत्र मिळालं. तोच भोंगा वर्षातून दोनदा म्हणू शकत नाही का, की उद्या अंगणवाडीत पथक येणार आहे, मकतबच्या आणि नर्सरीच्या मुलांनाही घेऊन या?

माझ्या एका सुशिक्षित मैत्रिणीचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, तीन वर्षांच्या मुलाला शिक्का कशाला मारायचा, मुलं आपापल्या वेळेने शिकतात. तिने मला हेही ऐकवलं की कॅनडातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१६ मध्ये सरसकट अशा चाचण्या करू नका असं सांगितलं. खरं आहे, सांगितलं. पण ते अशा मुलांबद्दल, ज्यांच्यात काहीच लक्षण दिसत नाही आणि पालकांनाही शंका नाही. आणि तिथे डॉक्टर मुलाला नियमित पाहत असतो. इथे लक्षण दिसतं, आईला शंका असते, ताईलाही असते, आणि तरी पुढे काही घडत नाही. दुसरं म्हणजे चाळणी म्हणजे निदान नव्हे. चाळणीत अडकलेलं प्रत्येक मूल दिव्यांग नसतं, फक्त त्याच्याकडे नीट बघायला हवं इतकंच ती सांगते. आणि शिक्क्याबद्दल म्हणाल तर तपासणी न झालेल्या मुलाला शिक्का लागत नाही असं वाटतं का? त्याला लागलेले शिक्के मी मोजून सांगू शकते. ढ, मस्तीखोर, बिनडोक, आणि माझ्या वर्गात, शेवटचा बाक.

एका बाबतीत मात्र मी तिच्याशी सहमत आहे. पुढची सोय न करता नुसतं 'तुमच्या मुलात दोष आहे' सांगणं हा जुलूम आहे. आमच्या मुलाची कथा तिथेच पुढे सुरू झाली. जिल्ह्याच्या केंद्रावर पाच खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला बापाची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं वेगळं. एकदा तपासणारे रजेवर, एकदा यंत्र बंद. शेवटी आकडा हातात आला, तर तो ५५. कायद्यात 'कमी ऐकू येणारा' ठरायला दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची कमतरता लागते, ७० च्या वर बहिरा. म्हणजे शेवटच्या बाकावरून माझं बोलणं ज्याला ऐकू येत नाही, तो मुलगा कायद्याने ठणठणीत! प्रमाणपत्र नाही, म्हणून सरकारी श्रवणयंत्र नाही. यंत्र आलं ते रमजानमध्ये मोहल्ल्याने काढलेल्या ज़कातमधून. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, तिला महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचं नाव आहे. आमच्याकडच्या शंभर मुसलमानांना विचारा, पाचांनाही माहीत नसेल.

मागणी साधी आहे. अंगणवाडी सोडताना मुलाबरोबर पहिलीच्या शिक्षकाच्या हातात एक पानाचा कागद यावा, ताईच्या अक्षरात, तिने तीन वर्षांत काय पाहिलं ते लिहिलेला. शंका असलेल्या मुलाची पुढची तपासणी तीस दिवसांत तालुक्यातच व्हावी, आणि त्या दिवसाचं भाडं आई-बापाला मिळावं. श्रवणयंत्रासाठी प्रमाणपत्राची अट मुलांपुरती काढून टाका, ऐकू येत नाही एवढं पुरे. पथकात घरची बोली जाणणारं एक माणूस असावं. ते नसेल तर मुलाची आई शेजारी बसवा आणि तिच्या तोंडून प्रश्न विचारा, त्यासाठी शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही.

तो मुलगा आता चौथीत आहे. पहिल्या बाकावर बसतो. वाचतो चांगलं, बोलताना अजून स आणि श यांची गल्लत करतो, गणितात माझ्या भाच्याच्या पुढे आहे. यंत्राचे सेल संपले की दोन-तीन दिवस पुन्हा ओठ वाचत बसतो, कारण सेल तालुक्याला मिळत नाहीत. त्याची धाकटी बहीण चौदा महिन्यांची आहे. मागच्या शुक्रवारी तिची आई पिशवीतून कार्ड घेऊन शाळेत आली आणि चित्रांच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "टीचर, ये वाला अब तक नहीं करती." बोट 'नावाने हाक मारल्यावर वळते' या चित्रावर होतं. मी अंगणवाडीच्या ताईंना फोन केला, पथक कधी येणार विचारलं. त्या म्हणाल्या, तारीख अजून आलेली नाही.